शंखाचा मूळ मालक

प्रातःकाळीं स्नान उरकून घरांतील वडील माणूस पूजेस बसतें, तेव्हां मुख्य देवांच्याही आधीं ज्यांना गंधफूल मिळतें अशा दोन वस्तु ताम्हनाजवळ ठेवलेल्या असतात. एक घंटा आणि दुसरा शंख. घंटा कोणीं केली हें सर्वांस ठाऊक असतें. ती ओताऱ्यानें ओतली, दुकानदारानें तोलली आणि तिची किंमत वजनावर ठरली. परंतु शंख कोणीं केला, हा प्रश्न पूजा करणाऱ्याच्या मनांत सहसा येत नाहीं. तो समुद्रांत सांपडतो, एवढें उत्तर पुरेसें मानलें जातें. जणूं काय समुद्र हा एक कारखाना असून तेथें शंख आपोआप तयार होतात!

मराठी भाषेनें शंखाची दखल पुष्कळ घेतली आहे. शंखांत पाणी घातलें कीं त्याचें तीर्थ होतें, ही म्हण प्रसिद्धच आहे. निर्बुद्ध माणसाला शंख म्हणण्याची चाल आहे. शिमग्याच्या बोंबेला सभ्य भाषेंत शंखध्वनि म्हणतात. वैद्यांच्या कपाटांत शंखभस्माची व शंखवटीची बाटली असते, आणि भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायांत पांडवांकडील वीरांचे शंख त्यांच्या त्यांच्या नांवांसह मोजलेले आहेत. या सर्व गौरवांत व थट्टेंत एका गोष्टीचा मात्र उल्लेख येत नाहीं. शंख हें कोणाचें तरी घर होतें, आणि घर म्हटलें कीं घरांत राहणाराही आलाच.

पुराणकारांना मात्र त्याची आठवण होती. श्रीकृष्णाच्या पांचजन्य शंखाची कथा भागवतांत आली आहे. सांदीपनींचा पुत्र प्रभासक्षेत्रीं समुद्रांत बुडाला. गुरुदक्षिणा म्हणून तो परत आणून देण्याचें कृष्णानें कबूल केलें. समुद्राला विचारतां त्यानें सांगितलें कीं, शंखाचें रूप घेऊन पाण्यांत राहणाऱ्या पंचजन नांवाच्या दैत्यानें मुलाला नेलें असावें. कृष्णानें पाण्यांत शिरून पंचजनाला ठार मारलें. पण त्याचें पोट पाहतां मुलगा तेथें नव्हताच! मग त्या दैत्याच्या अंगाचा शंख तेवढा घेऊन कृष्ण यमपुरीस गेला आणि गुरुपुत्र तेथून परत आणला. कथा ऐकतांना सर्वांचें लक्ष मुलाकडे लागलेलें असतें. ज्या आरोपावरून पंचजनाचा प्राण गेला तो आरोप खोटा ठरला, हें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. त्याचा शंख मात्र सर्वांना हवासा वाटला आणि जगांत पूज्य झाला.

शंखाच्या आंत एक हिंस्र जीव राहतो, ही पुराणांतली कल्पना प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें अगदीं बरोबर आहे. देवपूजेचा शंख ही समुद्रांतील एक मांसाहारी गोगलगाय होय. तिच्या जातीला शास्त्रज्ञ ‘टर्बिनेला पायरम’ म्हणतात. पहिल्या शब्दाचा अर्थ लहानसा भोवरा व दुसऱ्याचा अर्थ नासपतीचें फळ. स्वीडनचा सृष्टिशास्त्रज्ञ लिनियस यानें इ. स. १७६७ मध्यें या जातीचें वर्णन केलें, तेव्हां त्याला हें कवच नासपतीसारखें दिसलें. ही जाति मुख्यतः भारत व श्रीलंका यांच्या आसपासच्या समुद्रांतली. तामिळनाडूच्या दक्षिण टोंकाजवळील मन्नारचें आखात, त्याच्या उत्तरेची पाल्कची खाडी, केरळचा दक्षिण किनारा, अंदमान आणि पश्चिमेकडे कच्छचें आखात हीं तिचीं प्रमुख ठिकाणें. द्वारकेजवळच्या बेटाला शंखोद्धार हें नांव आहे तें उगीच नव्हे.

बाजारांत जो शुभ्र व गुळगुळीत शंख मिळतो तो समुद्रांत तसा दिसत नाहीं. जिवंत शंखावर तपकिरी रंगाची, मखमलीसारखी एक जाड साल असते. ती खरवडून काढल्यावर आंतला चिनी मातीसारखा पांढरा रंग उघडा पडतो. पांच ते दहा वांव खोलीवर, म्हणजे तीस ते साठ फूट पाण्याखालीं, जेथें बारीक वाळू असते तेथें हा प्राणी राहतो. वाळूंत अर्धामुर्धा रुतून तो मंद गतीनें सरकत असतो. शंखाचें जें निमुळतें टोंक पूजेंत पाणी सोडण्याकरितां पन्हळीसारखें उपयोगीं पडतें, तेंच त्याचें नाक. त्या पन्हळींतून तो मांसाची एक नळी बाहेर काढतो आणि पाणी आंत ओढून घेतो. त्या पाण्याबरोबर त्याला श्वास मिळतो आणि भक्ष्याचा वासही लागतो. देवावर ज्या वाटेनें अभिषेकाची धार पडते त्याच वाटेनें एके काळीं एक शिकारी आपल्या सावजाचा माग काढीत होता!

हें सावज म्हणजे वाळूंत बिळें व नळ्या करून राहणारे समुद्रकृमी. ते बिळांत निर्धास्त असतात, कारण माशाचें तोंड तेथवर पोंचत नाहीं. पण या गोगलगाईला एक लांबविणारी सोंड असते. ती बिळांत सरकते. सोंडेच्या टोंकाशीं तोंड असून त्यांत कानशीसारखी दांतेरी जीभ असते. तिनें तो कृमीला धरतो व खरवडून गिळतो. या सर्व उद्योगांत आवाज नाहीं, धांवपळ नाहीं. वाघ झडप घालतो. हा शिकारी सावजाच्या दारांत जाऊन बसतो. कोणी मोठा मासा आपल्यावरच चालून आला तर तो अंग आंत ओढून घेतो आणि पायाला चिकटलेली शिंगासारख्या द्रव्याची एक तबकडी दारावर बसवितो. त्याचें घर मग आंतून बंद होतें.

घर बांधण्याची त्याची रीतही पाहण्यासारखी आहे. समुद्राच्या पाण्यांत चुन्याचा अंश विरघळलेला असतो. गोगलगाईच्या अंगावर जी मऊ त्वचेची झालर असते, ती हा चुना घेऊन कवचाच्या कडेला थोडा थोडा लिंपीत जाते. मनुष्य वाढला कीं जुना सदरा टाकून नवा शिवतो. खेकडा कात टाकतो. शंखाचा प्राणी यांपैकीं कांहींच करीत नाहीं. जन्माच्या वेळचें टिचभर घर तसेंच ठेवून त्याच्या दाराशीं तो नवी भिंत वाढवितो, आणि मधल्या खांबाभोंवतीं फेरे घेत तें घर रुंद होत जातें. म्हणून शंखाच्या शेंड्याकडील वेढे त्याचें बालपण आणि तोंडाकडील कड त्याचें वार्धक्य होय. त्याचें सारें आयुष्य त्यांत क्रमानें लिहिलेलें असतें. वाजविण्याच्या शंखाचा शेंडा कापावा लागतो. तेव्हां त्यांतलें पहिलें पान फाडलें जातें एवढेंच.

लहान मुलें शंख कानाशीं धरून समुद्राची गाज ऐकतात. ती गाज समुद्राची नव्हे. सभोंवारच्या बारीकसारीक आवाजांपैकीं कांहीं स्वर त्या पोकळींत घुमून मोठे होतात व कानाला तें गुंजन ऐकूं येतें. निजानीज झाल्यावर, सारें घर शांत असतां तोच शंख कानाशीं धरून पाहिल्यास ती गाजही मंदावलेली आढळते.

या प्राण्याच्या संसारांत एक गोष्ट अशी आहे कीं जिच्यावर त्याच्या जातीचें भवितव्य अवलंबून आहे. समुद्रांतील बहुतेक शिंपल्यांचीं व पुष्कळ गोगलगाईंचीं पिलें अंड्यांतून निघतांच पाण्यावर तरंगूं लागतात. प्रवाह त्यांना कोसच्या कोस वाहून नेतो, त्यामुळें एका जागचे शिंपले संपले तरी दुसरीकडून बीं येऊन पडतें. शंखाचें तसें नाहीं. त्याची मादी वाळूंत सुमारें वीतभर लांबीचा, मेंढ्याच्या शिंगासारखा पिळा असलेला एक चिवट कोश रोंवते. कोशांत एकापुढें एक कप्पे असतात व कप्प्यांत अंडीं. पिलें कोशांतच वाढतात, आणि बाहेर पडतात तीं अंगावर इवलासा शंख घेऊन, सरपटतच. जेथें आई सरपटली तेथेंच लेंकरें सरपटतात. म्हणून एखाद्या जागचे शंख वेंचून संपविले तर ती जागा पुन्हां भरून येण्यास फार काळ लागतो. देशावरचा कुणबी बियाणें खाऊन टाकणाऱ्याला जें म्हणतो, तेंच येथेंही म्हणावें लागेल.

आतां दक्षिणावर्ती शंखाविषयीं, कारण सुशिक्षित घरांतही यासंबंधीं मोठा घोटाळा आहे. शंख हातांत घेऊन त्याची पन्हळ वर, शेंडा खालीं आणि तोंड आपल्याकडे असा धरावा. नेहमींच्या शंखाचें तोंड अशा वेळीं डाव्या हाताकडे येतें. तोच वामावर्ती. लक्षावधि शंखांतून एखाद्याचें तोंड उजव्या हाताकडे येतें, आणि तोच दक्षिणावर्ती. तामिळ लोक त्याला ‘वलंपुरि’ म्हणतात. जुन्या त्रावणकोर संस्थानच्या राजचिन्हांत शंख होता, आणि बौद्धांच्या अष्टमंगल चिन्हांतही उजव्या वळणाचा पांढरा शंख आहे. पाश्चात्य शास्त्रज्ञ शंखाचा शेंडा वर धरतात, त्यामुळें त्यांच्या लेखीं आपला दक्षिणावर्ती तो डावा ठरतो. दोघांची वस्तु एकच, धरण्याची तऱ्हा मात्र उलटी. या जातीच्या बाहेर, गोड्या पाण्यांतील एका गोगलगाईवर १९२३ सालीं जें संशोधन प्रसिद्ध झालें, त्यावरून असें कळून आलें कीं कवचाचें वळण पिलाच्या स्वतःच्या नव्हे, तर त्याच्या आईच्या आनुवंशिक गुणांवर ठरतें. तें गर्भाच्या अगदीं पहिल्या कांहीं विभागण्यांतच निश्चित होतें. म्हणजे हें वळण ही जन्मजात रचना आहे. माणसांत एखादा डावखुरा निघावा तसा हा प्रकार.

दुर्मिळ वस्तूला किंमत येते, आणि किमतीच्या मागोमाग लबाडी येते. दक्षिणावर्ती शंख घरांत ठेवला कीं लक्ष्मी स्थिर होते, अशी श्रद्धा असल्यामुळें बाजारांत असे शंख पाहिजे तितके मिळूं लागले आहेत. लक्षांत एखादा निघणारा शंख दुकानाच्या फळीवर ओळीनें मांडलेला दिसावा, ही गोष्टच खरें तर विचार करण्यास पुरेशी आहे. यांतील पुष्कळसे शंख भारतीय समुद्रांतले नसतात. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर व मेक्सिकोच्या आखातांत एक निराळीच शिकारी गोगलगाय राहते. ती शिंपले उघडून खाते. तिचें कवच स्वभावतःच त्या उलट वळणाचें असतें; तेथें हजारांतले बहुतेक सर्व तसेच. टेक्सस संस्थानानें १९८७ सालीं तिला आपला मानाचा शंख म्हणून जाहीर केलें. तेथें जी वस्तु सामान्य, ती येथें येऊन साफसूफ होऊन दुर्मिळ म्हणून विकली जाते! ही फसवणूक ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या शंखाच्या तोंडांतून आंत पाहिलें तर मधल्या खांबावर तीन-चार ठळक आडव्या वळ्या दिसतात, जणूं स्क्रूचे आटे. त्या परदेशी कवचाचा खांब सपाट व गुळगुळीत असतो. देव्हाऱ्यांतला साधा वामावर्ती शंख एकदां उजेडांत धरून पाहिला, कीं त्या वळ्यांची ओळख कायमची पटते.

पूजेपेक्षांही शंखाचा अधिक खप झाला तो बांगड्यांकरितां. इ. स. पूर्वीं २६०० ते १९०० या काळांत सिंधुसंस्कृतीच्या नगरांत याच शंखाच्या बांगड्या स्त्रिया घालीत. द्वारकेपासून जवळच नागेश्वर येथें त्या काळचें शंखकामाचें ठाणें उत्खननांत सांपडलें आहे. तेथें कापलेले तुकडे, टाकून दिलेले खांब व अर्धवट बांगड्या यांचा ढीग मिळाला. ते कारागीर कांशाच्या करवतीनें शंख आडवा कापीत. त्यानंतर कित्येक शतकें लोटलीं, तरी बंगालच्या शांखारी लोकांनीं तोच धंदा अर्धचंद्राकृति लोखंडी करवतीनें पुढें चालविला. डाक्क्याचा शांखारी बाजार त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. महाराष्ट्रांत सुवासिनीच्या हातांत जो मान हिरव्या चुड्याला, तोच बंगालमध्यें पांढऱ्या शांख्याला. मन्नारच्या आखातांत निघालेला शंख जहाजानें बंगालला जाई, आणि हा व्यापार फार जुना आहे. गोव्यांत राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यानें १५६३ सालीं गोव्यासच छापलेल्या आपल्या ग्रंथांत, शंख हा बंगालच्या व्यापाराचा माल असल्याचें नमूद करून ठेवलें आहे.

हा माल समुद्रांतून वर कोण आणीत असे, हें पाहिलें म्हणजे या देशाच्या लोकजीवनाचा एक सुंदर धागा हातीं लागतो. तुतीकोरीनच्या, म्हणजे आतांच्या तूत्तुकुडीच्या किनाऱ्यावरील परवर जातीचे पाणबुडे पिढ्यान्‌पिढ्या मोतीं व शंख काढीत आले. ही जमात १५३० नंतरच्या दशकांत ख्रिस्ती झाली. कीळकरैकडील पाणबुडे मुसलमान. म्हणजे विष्णूच्या हातांतला शंख ख्रिस्ती वा मुसलमान माणसानें जीव धोक्यांत घालून वर आणावा, हिंदु शांखाऱ्यानें तो कापावा आणि नववधूनें तो मनगटावर मिरवावा, असा हा व्यवहार शतकानुशतकें बिनबोभाट चालला. दोरीला बांधलेल्या दगडाच्या वजनानें पाणबुड्या तळाला जाई. एका श्वासांत जितके शंख वेंचतां येतील तितके जाळीच्या पिशवींत भरी व वर येई. त्याच्या घरीं शंखाचें मांस खाण्यांत जाई. कवच मात्र सरकारचें. कारण शंखावरचा हक्क राज्यकर्त्यांनीं सदैव आपल्याकडे ठेविला. पोर्तुगीज गेले, १६५८ सालीं डच आले, पुढें इंग्रज आले. मालक बदलले, पण मक्तेदारी कायम राहिली.

या मक्तेदारींतही एक शहाणपणाचा नियम होता. आणलेला प्रत्येक शंख ठराविक मापाच्या भोंकांतून घालून पाहत. जो पार निघून जाई तो लहान म्हणून समुद्रांत परत टाकीत. मद्रास सरकारच्या मत्स्यखात्यांतील अधिकारी जेम्स हॉर्नेल यांनीं १९१४ सालीं या एका शंखावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत प्राण्याच्या राहणीपासून बांगड्यांच्या व्यापारापर्यंत सर्व माहिती एकत्र केलेली आहे. या विषयाकडे वळणारा मनुष्य आजही प्रथम त्याच ग्रंथाकडे जातो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत यांत्रिक होड्या आल्या. त्यांचीं जड जाळीं समुद्राचा तळ खरवडीत जातात. पाणबुड्याचा हात मोठा शंख उचलतो व लहान सोडतो. जाळ्याला ही निवड ठाऊक नाहीं. त्यांत मोठे शंख येतात, लहान येतात आणि शंखाला ज्यांवर जगायचें ते कृमी ज्या वाळूंत राहतात ती वाळूही उलथीपालथी होते. मन्नारच्या आखातांतील एकवीस बेटें व त्यांभोंवतालचा समुद्र १९८६ सालीं राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यांत आला. तूत्तुकुडी येथें केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं शंखाचीं पिलें टांक्यांत वाढवून समुद्रांत सोडण्याचेही प्रयत्न केले. हे उपाय योग्यच आहेत. परंतु ज्या प्राण्याचीं पिलें आईच्या अंगणापलीकडे जात नाहींत, त्याच्याबाबतींत लुटणें सोपें आणि भरपाई अवघड, हें विसरून चालणार नाहीं.

शंखाचा तुटवडा पडेल तो प्रथम किनाऱ्यावर जाणवेल, पण त्याचें कारण किनाऱ्यावरच शोधून भागणार नाहीं. मागणी शहरांतल्या घरांतून जाते. प्रत्येक नव्या बिऱ्हाडांत नवा शंख, प्रत्येक समारंभांत भेट म्हणून शंख, आणि कोणी सांगितलें म्हणून दिवाणखान्यांत शोभेचा आणखी एक! धर्माला एवढ्या शंखांची गरज आहे, असें कोणत्याही पूजाविधींत सांगितलेलें नाहीं. आजोबांच्या हातचा जुना शंख पूजेस जसा चालत होता तसा नातवाच्या पूजेसही चालतो. चुन्याचें हें घर नीट जपलें तर पिढ्या टिकतें. हडप्पाकालीन बांगड्या आजही संग्रहालयांत पाहतां येतात. घरांत वडिलोपार्जित शंख असतां दुसरा विकत घेणें म्हणजे एका जिवाचें घर विनाकारण रिकामें करणें होय.

श्रीकृष्णानें पंचजनाला मारलें तें एका मुलाच्या शोधांत, आणि मुलगा तेथें सांपडला नाहीं. मन्नारच्या वाळूंतल्या या मंद शिकाऱ्यावर तर कोणताच आरोप नाहीं. त्याचा अपराध एवढाच कीं त्यानें जन्मभर खपून बांधलेलें घर फार सुंदर झालें. उद्यां सकाळीं पूजेच्या वेळीं शंखाला गंध लावतांना त्याच्या तोंडांतून आंत डोकावून पाहावें. खांबावरच्या त्या तीन-चार वळ्या दिसतील. मूळ मालकाचा स्नायू ज्या खांबाला धरून होता, तो तोच. घरांतील मुलांनाही त्या दाखवाव्यात आणि हें घर कोणाचें होतें तें सांगावें. शंखाच्या पूजेंत एवढी भर पडली तर तिचें पावित्र्य कमी होणार नाहीं.